गळ्यावरचा ओरखडा

माझ्या गळ्यावर, देठाच्या जरा खाली, नखाचा एक ओरखडा आहे. मित्रांनो, माझी सगळी गोष्ट त्या ओरखड्यापासून सुरू होते. मी एक वाळलेला दुधीभोपळा आहे, म्हणजे तुंबा. वय विचाराल तर बावीस वर्षे. भोपळ्यांच्या जातीत हे वय फार झाले. माझ्या वेलावरची बाकीची भावंडे बावीस दिवसांतच कढईत गेली.

हाजीपूरजवळ गंडक नदीच्या काठी कोइरी लोकांची नऊ घरांची वस्ती आहे. भाजी पिकवायची आणि नावेतून पाटण्याला पाठवायची, हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. त्यातल्या तेतरीदेवींच्या छपरावर माझा वेल चढला होता. मी वीतभर झालो असेन-नसेन, तेव्हा एके सकाळी त्या शिडी लावून वर आल्या. माझा गळा त्यांनी हातात धरला आणि अंगठ्याच्या नखाने कचकन एक रेघ ओढली. रस आला. मी कळवळलो. शेजारी माझा धाकटा भाऊ लोंबत होता, त्याच्या गळ्यावर दोन रेघा उमटल्या. मी म्हटले, बाई काय कजाग आहे! नुकत्याच जन्मलेल्या कोवळ्या जिवांना कोणी असे करते का?

पुढे इतर भोपळे कापले गेले, आम्ही दोघे मात्र वेलावरच राहिलो. मी वाढलो तशी जखमही वाढली, रुंद झाली, आणि माझ्याबरोबर लाकडासारखी टणक झाली. थंडीत आमची तोंडे कापली, आतला गर काढला आणि आम्हाला शिंक्यात घालून चुलीवरच्या धुरात टांगले. धुराने कीड लागत नाही. मग आमच्या पोटात फुलकोबीचे बी भरले. माझ्या पोटात अगहनी. ही अगहनात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षात गड्डा धरते. भावाच्या पोटात पूसी. ती पौषात धरते, म्हणून घरच्या खाण्यापुरतीच लावत.

आता ही दोन्ही बियाणी शेजारी ठेवा. मोहरीसारखे बारीक, काळपट दाणे. एक वाटी इकडची तिकडे केली तर ब्रह्मदेवालाही कळायचे नाही. रोपे सारखी, पानेही सारखीच. फरक कळतो तो थेट गड्डा धरताना. मार्गशीर्षात पाटण्याला लग्नांची धामधूम असते आणि घरोघरी फुलकोबी हवी असते. महिनाभराने ती साऱ्या मुलखात इतकी पिकते की गायसुद्धा तोंड फिरवते. शिवाय अगहनी निघाली की ते रान कांद्याला मोकळे होते. वस्तीतल्या कोणाकडेही दोन-तीन लहान तुकड्यांपलीकडे जमीन नव्हती. एका पिकाने जागा अडवली की पुढचे वर्षभर गणित चुकत जायचे.

म्हणून भादव्याच्या आधीच तेतरीदेवी दारात बसून सगळ्यांचा बेत ठरवत. मुळा कोणत्या कोपऱ्यात, पालक कुठे, पाण्याला चर कोणत्या बाजूने काढायचा. मघा नक्षत्रात त्या आपल्या अंगणाशेजारी वाफा टाकत आणि त्यातलीच रोपे नऊही घरे नेत. उत्तरा लागली की लागण करायची. हत्तीचा पाऊस कोसळायच्या आत रोपांनी मुळे धरली पाहिजेत, नाही तर चिखलात सगळे आडवे.

दरवर्षी बी भरताना त्या माझ्या कपाळी शेंदराचा टिळा लावत आणि भावाला काजळाचा. काढताना माझ्या गळ्यावरून हळूच अंगठा फिरवत. मला वाटे, बाईला पश्चात्ताप झाला असावा. मीही मनातल्या मनात थोडेसे माफ करून टाकले होते.

मागच्या ज्येष्ठात दोन दिवसांच्या तापात तेतरीदेवी गेल्या.

दहाव्या दिवशी घर धुवायची तिथली रीत आहे. भिंती सारवल्या गेल्या आणि मडकी, सुपे, पाटा-वरवंटा सगळे विहिरीवर गेले. आम्ही दोघेही गेलो. त्यांची सून संझा हिने आम्हाला स्वतःच्या हाताने राखेने घासले. डोळे पुसत ती म्हणाली, "सासूबाईंनी जिवापाड जपलेली वस्तू. अशी काळीकुट्ट कशी ठेवू?"

बावीस वर्षांचा धूर निघाला. खालून मधासारखा रंग उजळला. बायका म्हणाल्या, "अगं, हे तर नव्यासारखे दिसतायत!" खोटे कशाला सांगू, मी फुशारलो. शेंदूर राखेच्या पाण्यात विरघळून विहिरीच्या दगडावरून वाहत गेला, तो मी पाहिला. पाहिला आणि तरी मला काहीच वाटले नाही. शिंकी कुजली होती म्हणून संझाने नवी सुतळी आणली, माझ्या गळ्याला तीन घट्ट वेढे दिले आणि आम्हाला पुन्हा चुलीवर टांगले.

मघा लागली. वस्तीतले महंगूकाका दारात येऊन उभे राहिले. नात्याने संझाचे चुलत सासरे, जिभेने तिखट, आणि मनाने कसे ते कोणाला नक्की ठाऊक नव्हते.

"सूनबाई, वाफा कधी टाकणार? आमची रानं नांगरून तयार आहेत."

पदर पुढे ओढून संझा उंबऱ्याच्या आतून म्हणाली, "आज टाकते, काका." तिने आम्हाला खाली उतरवले. मग नवऱ्याला, बिंदेसरला, विचारले, "यातली अगहनी कुठली हो?"

"लाल टिळ्याची."

"टिळा कुठाय?"

बिंदेसरने मला उलटेपालटे करून पाहिले. मग भावाला पाहिले. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "मला काय ठाऊक? बियाण्याला आई कुणाला हात लावू द्यायची का? तू बघायचीस ना!"

"मला तरी कुठे हात लावू द्यायच्या? आणि धुरात कुणाला टिळा दिसत होता?"

महंगूकाकांना सगळे ऐकू गेले होते. ते पायरीवर मटकन बसले. "वा! वहिनीची चाळीस वर्षांची अक्कल एका मूठभर राखेनं धुऊन काढलीस. घर मात्र लख्ख केलंस हो."

संझाने मान खाली घातली. मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. मला माहीत होते! मीच अगहनी, मीच! पण तुंब्याला तोंड असते ते फक्त भरायला आणि ओतायला. मी पोटातले दाणे खुळखुळवले. भावानेही खुळखुळवले. दोघांचा आवाज सारखाच.

तिने सगळे करून पाहिले. दाणे तळहातावर घेतले, हुंगले, दाताखाली चावले. दोन्ही कडूच. पाण्यात टाकले, दोन्ही सारखेच बुडाले. थोडे पेरून पाहावे, तर गड्डा धरेपर्यंत कळायचे नाही, आणि मघा संपायला पाच दिवस उरले होते. बाजारातली पुडी घ्यावी, तर आदल्याच वर्षी वस्तीतल्या एका घराने ती आणून नुसता पाला कापला होता.

चौथ्या दिवशी महंगूकाका पुन्हा आले. या वेळी मागे बाकीच्या घरांतली माणसेही होती. "सूनबाई, उद्या सकाळपर्यंत वाट बघतो. नाही तर आम्ही नदीपलीकडून रोप आणू. राग मानू नकोस. पोटाला राग कळत नाही."

त्यांनी एकदा नदीपलीकडून रोप आणले की तेतरीदेवींचा वाफा संपला, हे संझाला समजत होते. माझे पोटही मग कोणी पुन्हा भरले नसते. मला त्या रात्री चुलीची ऊबसुद्धा लागली नाही.

सकाळी उठून ती म्हणाली, "निम्मं याचं टाकते, निम्मं त्याचं."

"आणि कुणाच्या वाट्याला कुठलं?" बिंदेसरने विचारले. "चिठ्ठ्या टाकणार? चार घरं तरणार, पाच बुडणार?"

"मग काय करू? तुम्ही सांगा!" ती ओरडली. एवढा मोठा आवाज तिने त्या घरात कधी काढला नव्हता.

आम्हाला घेऊन ती वाफ्यापाशी बसली. माती भुसभुशीत करून ठेवलेली होती. पलीकडे नऊ घरांची माणसे उभी होती. माझे बूच काढता काढता तिचे हात थांबले. ती स्वतःशीच पुटपुटली, "दोन वर्षं झाली, सासूबाईंना मोतीबिंदू होता."

"असेल," महंगूकाका म्हणाले. "त्याचं काय आता?"

"बसलेली शेळी दिसत नव्हती त्यांना. दोनदा अडखळून पडल्या. मग टिळा कसा दिसत होता? पण तुंबा कधी चुकीचा उतरला नाही!"

संझाने डोळे मिटले आणि सासूबाई मला कशी धरायच्या ते आठवून माझा गळा धरला. अंगठा फिरवला. बोटाला फक्त सुतळी लागली. तिनेच बांधलेली, तिहेरी, घट्ट. नेमकी माझ्या ओरखड्यावर! अगं, सोड ती सुतळी, सोड, असा मी आतल्या आत आकांत करत होतो. तिने पुन्हा अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर. काही नाही. तिने मला मांडीवर ठेवून दिले.

"चल, टाक निम्मं-निम्मं," बिंदेसर हळूच म्हणाला.

माझे तोंड वाफ्यावर वाकवायचे तर टांगायची सुतळी आड येत होती. ती काढायला तिने गाठ सोडली. एक वेढा उलगडला, दुसरा उलगडला, तिसरा निघाला आणि तिचा अंगठा माझ्या जखमेत बसला. बरोबर बसला, मित्रांनो. जणू त्या जागी अंगठ्यासाठीच खाच ठेवली होती.

"एक," ती म्हणाली. घाईघाईने तिने भावाची सुतळी ओरबाडली. "एक... दोन. याच्यावर दोन आहेत!"

तेव्हा मला उमगले. बावीस वर्षे बाई मला कुरवाळत होती असे मी समजत होतो आणि ती मला वाचत होती. वाईट वाटले का? थोडे वाटले. पण त्याहून जास्त अभिमान वाटला.

"अगहन आधी, पूस नंतर," संझा म्हणाली. "एक रेघ अगहनी."

महंगूकाकांनी भुवई उडवली. "आणि कुठल्या पोरानं खेळता खेळता ओरबाडलं असेल तर?"

"पोर दोन्ही तुंब्यांना नेमकं एकाच जागी ओरबाडेल, काका?"

"नऊ घरांचं पीक तू एका नखावर लावतेयस, सूनबाई."

"सासूबाईंच्या नखावर लावतेय," ती म्हणाली आणि मला पूर्ण उपडे केले.

पोट रिकामे झाले तरी माझा जीव हलका झाला नाही. मी बरोबर होतो, पण ते फक्त मला आणि माझ्या भावाला ठाऊक होते. चुलीवर टांगलेल्या जागेवरून मी ऐकत राहिलो. वाफ्यावर गवताचे छप्पर घातले. उत्तरा नक्षत्रात लागण झाली. हत्ती तीन दिवस कोसळला. चरांतून पाणी निघून गेले आणि रोपे उभी राहिली. मग पाने वाढली. नुसती पानेच वाढली. दिवाळी झाली, छठचा सण झाला, नदीवर बायका अर्घ्य देऊन आल्या. अगहनाचा पहिला आठवडा उलटला तरी शेतात गड्ड्याचा पत्ता नव्हता. विहिरीवर बायका संझाशी कामापुरते बोलू लागल्या. बिंदेसर जेवणावरून अर्धपोटीच उठे. संझा रोज सकाळी शेतात जाई, परत येई आणि काही न बोलता चूल पेटवी. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत असे आणि मला दाण्यांवरही शंका येऊ लागली होती.

एके सकाळी ती शेतातून परत आलीच नाही. ऊन अंगणात उतरले. मग दारात महंगूकाका दिसले. त्यांच्या हातात पानांत गुंडाळलेले काहीतरी होते. ते त्यांनी माझ्याखाली, चुलीच्या कट्ट्यावर ठेवले आणि पाने बाजूला केली. पांढराशुभ्र, घट्ट, मुठीएवढा गड्डा.

मागून संझा आली. पदर तोंडात धरून ती रडत होती.

"रडतेस काय?" काका घसा खाकरत म्हणाले. "सगळ्या रानात धरलाय. आलाय बरा. वहिनीचा जरा जास्त गोल यायचा." एवढे बोलून ते चटकन वळले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

त्या चैत्रात माझे पोट पुन्हा भरले. पण बूच लावण्याआधी संझाने नऊ घरांतल्या बायकांना बोलावले, प्रत्येकीला डोळे मिटायला लावले आणि आमच्या गळ्यावरून तिचा अंगठा फिरवला. "एक अगहनी, दोन पूसी. उद्या मी नसले तरी कुणाचं अडता कामा नये." महंगूकाकांनीही अंगठा फिरवला, आणि वर म्हणाले की आपल्याला हे आधीपासून ठाऊक होते.

मित्रांनो, आता माझ्या बुडाला तडा गेला आहे. अजून एखादा हंगाम काढीन. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. तुमच्या घरातही कोणाच्या तरी बोटांत असे काही असेल, जे त्यांनी कधी बोलून दाखवलेले नाही. त्यांना आजच विचारा. ते गेल्यावर घर धुणारे हात पुष्कळ मिळतात.

काल संझा शिडी लावून छपरावर चढली. तिथे खिडकीवरच्या वळचणीला नव्या वेलावर वीतभराचा एक कोवळा भोपळा लोंबतो आहे. खिडकीतून मला तिचा हात दिसला. तिने त्याचा गळा धरला आणि अंगठ्याच्या नखाने एक रेघ ओढली. तो कळवळला असणार. मला त्याला ओरडून सांगावेसे वाटले, की बाळा, रडू नकोस, तुला निवडले आहे.