नणंद, भावजय आणि एकच खुर्ची

वहिनी घरी दाताच्या डॉक्टरांचं नाव सांगून निघाली होती, तर तिची धाकटी नणंद वाचनालयाचं. दोघी भेटल्या एकाच इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, एकाच सोफ्यावर.

"दात कसा आहे?" नणंदेनं विचारलं.

"हलतोय. तुझं वाचनालय मात्र बरंच उंचावर गेलं गं."

जागा मुलाखत समन्वयकाची होती. कंपनीत नोकरीला येणाऱ्यांच्या मुलाखती ज्यानं जुळवून आणायच्या, तो हा माणूस. नणंदेला नोकरी मिळाली तर हवी होती. वहिनीला हवीच होती. मुलांपायी ती सहा वर्षं घरी होती. त्यानंतर जिथे जिथे गेली, तिथले साहेब त्या वर्षांवर बोट ठेवून असा चेहरा करत, जणू बाई तुरुंगातून सुटून आली आहे. या जाहिरातीत वयाची अट नव्हती, अनुभवाचीही नव्हती. सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

सगळ्या उमेदवारांना एकाच वेळी बोलावलं होतं आणि मुलाखत घेणाऱ्यांचा पत्ता नव्हता.

"इथे वेळा कोण जुळवतं?" वहिनीनं स्वागतकक्षातल्या मुलीला विचारलं.

"तीच तर जागा रिकामी आहे," मुलगी नखं बघत म्हणाली.

तिच्याकडूनच कळलं, की कर्मचारी विभागाच्या बाई कधीच्या तयार होत्या. पण हिशेबाचे साहेब आणि विक्रीचे साहेब गाडी लावायच्या जागेवरून भांडले होते, आणि तेव्हापासून एका खोलीत बसत नव्हते. दोघांशिवाय मुलाखत होणार नव्हती.

वहिनीनं पर्स नणंदेच्या मांडीवर टाकली, टेबलावरचा फोन मागून घेतला आणि हळू आवाजात दोन फोन केले. थोड्याच वेळात व्हरांड्याच्या दोन टोकांची दोन दारं उघडली. दोन्ही साहेब मुलाखतीच्या खोलीपाशी समोरासमोर आले. मागे फिरावं, तर एवढे उमेदवार बघत होते. मुकाट्यानं आत गेले.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"काही नाही. गोड बोलले."

उशीर झाला म्हणून उमेदवारांना दोघादोघांनी आत घेत होते. पहिल्या जोडीतला तरुण घाम पुसत बाहेर आला. "दोघे साहेब एकमेकांकडे बघतच नाहीत हो! मला वाटलं, हीच परीक्षा आहे."

शेवटची जोडी नणंद-भावजयीची.

"दोन माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत," बाईंनी विचारलं. "त्यांना एकत्र कसं आणाल?"

"संवाद, विश्वास आणि पारदर्शकता," नणंदेनं पाढा म्हणावा तसं म्हटलं. बाईंनी आधीच्या प्रत्येक उत्तराला हलवली असेल तशीच मान हलवली.

विक्रीच्या साहेबांनी वहिनीच्या अर्जावर नेमकं बोट ठेवलं. "ही मधली सहा वर्षं?"

वहिनी पुटपुटली, "मी... घरी होते."

"घरी काय घरी!" नणंद उसळलीच. आपण कोणाच्या बाजूनं आलोय, हे ती साफ विसरली. "अहो, आमचे बाबा आणि काका वर्षानुवर्षं बोलत नव्हते. सगळे नातेवाईक हरले. हिनं दोघांना एका टेबलावर जेवायला बसवलं!"

"कसं?" बाई पुढे झुकल्या.

वहिनीनं खाली बघत सांगितलं, "प्रत्येकाला कळवलं, दुसरा येणार नाहीये."

हिशेबाच्या साहेबांनी कित्येक आठवड्यांनी शेजारी मान वळवली.

"तुम्हालाही फोन आला होता?"

"आला की! म्हणाली, तुम्ही आज रजेवर आहात."

"मलाही तेच!"

बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"ही बाई धोकादायक आहे," विक्रीचे साहेब म्हणाले.

"अगदी," हिशेबाचे साहेब म्हणाले.

"तुमचं दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच बघतेय," बाई म्हणाल्या. "अशीच हवी. सोमवारपासून या. आणि बाकीच्या उमेदवारांना निकाल कळवायचा, तेही आता तुमचंच काम."

वहिनीला क्षणभर कळेना, हसावं की रडावं. मग खुर्ची शेजारी वळवून, पाठ ताठ करून ती अदबीनं म्हणाली, "आपण वेळात वेळ काढून आलात, आभारी आहोत. या वेळी मात्र..."

"वहिनी, मार खाशील हं!" नणंद म्हणाली, आणि भर मुलाखतीत तिच्या गळ्यात पडली.