गालावरचा खवला

"काका, डाग होता तो. मीच काढला," स्टुडिओवाला निलेश अभिमानाने म्हणाला.

"डाग नव्हता रे, माशाचा खवला होता," जयवंत म्हणाले. "तेवढा परत लावून दे."

बोरीवली स्टेशनजवळच्या त्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोवाले दोघे-तिघे खोळंबले होते. त्यांना हसू आलं असणार. येऊ दे. बायकोच्या, सुगंधाच्या बाराव्याला मुलाने, सौरभने, तिचा फोटो मोठा करून आणला, तेव्हा सगळे नातेवाईक 'लक्ष्मी दिसते' म्हणाले होते. पोराने हौसेने तिच्या अंगावर पैठणी चढवायला लावली होती, गळ्यात चपलाहार. "आयुष्यभर साधीच राहिली ना बाबा आई," तो म्हणाला. अशा पोराला बोलणार तरी काय? जयवंतांनी फोटोला हार घातला.

फोटो त्यांनीच काढलेला, सुगंधाच्या फोनवर. आजारपणात तीन महिने तिला मासळीचा वाससुद्धा सोसत नव्हता. त्या रविवारी आपणहून उठली आणि मुडदुशे साफ करायला विळीवर बसली. एक खवला उडून गालाला चिकटला, चमकत होता, आणि बाईसाहेब हसत होत्या. "अवो, थांबा! अवतार बघा माझो!" जयवंतांना वाटलं होतं, सुटलो, आता ही बरी होणार. इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता.

"मूळ फोटो असेल ना तुझ्याकडे?"

"काम झालं की डिलीट मारतो, काका. फोनमध्ये बघा ना."

फोन सौरभने कोरा करून गावी मावशीला पाठवला होता. आईची आठवण तिच्या बहिणीकडे राहावी म्हणून.

निलेश माणूस भला. त्याने संगणकावर फोटो उघडला आणि एक पांढरा ठिपका रंगवला. "एवढा चालेल?"

"लहान कर जरा. आणि चकाकायला हवा."

निलेशने चकाकी आणली. हुबेहूब खवला. जयवंतांचा जीव भांड्यात पडला.

"आता बोला, कुठे लावू? ह्या गालावर?" ठिपका उजव्या गालावर आला. "की ह्या?"

जयवंतांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. डोळ्याखाली? ओठाजवळ? चाळीस वर्षं रोज हा चेहरा समोर होता.

"काका, लोक थांबलेत."

"थांब रे, सांगतो," जयवंत म्हणाले. त्यांना काही केल्या आठवत नव्हतं.