पाठ न लागलेल्या पैलवानाची गदा

मित्रांनो, मी एक जुनी गदा आहे आणि मला राग आलेला आहे. गदेला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. आठवडाभर नको त्या माणसांनी तुम्हाला खांद्यावर घेऊन फोटो काढले असते, म्हणजे कळलं असतं.

माझा जन्म लातूरच्या एका सराफाच्या दुकानातला. आत लाकूड, वरून चांदीचा पत्रा. कारागिराने माझ्या गोल डोक्यावर ठोकून ठोकून वेलबुट्टी काढली, तेव्हा मी कुरकुरले नाही. जळकोटजवळच्या एका गावाने जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीसाठी मला करून घेतलं होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. पुढचं ऐकलंत की कारण कळेल.

त्या वर्षी शेवटची कुस्ती गावातल्याच वीरभद्र पैलवानाने मारली. लोकांनी त्याला उचललं, पण तो म्हणाला, "आगुदर खाली सोडा." मग वाकून त्याने आखाड्याची माती कपाळाच्या भस्मावर लावली आणि त्यानंतरच मला हात लावला. मला तो तिथेच आवडला.

कुस्तीचा एक नियम तुम्हाला ठाऊक हवा. पाठ मातीला पूर्ण टेकली की कुस्ती संपली. हरलेल्याने उठायचं, आखाडा मोकळा करायचा आणि पंचांनी पुढची जोड बोलवायची. वीरभद्रची पाठ निलंग्याला लागली, अहमदपूरला लागली, आणि ते तो स्वतःच हसून सांगतो. पण आपल्या गावच्या आखाड्यात त्याची पाठ कोणालाच कधी लावता आली नाही. म्हातारी माणसं आजही तेवढं एकच सांगतात आणि मिशीवरून हात फिरवतात, जणू कुस्ती तेच खेळले होते.

मग त्याचा गुडघा गेला. कुस्ती सुटली आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला लागले. त्याची बायको जगदेवीबाई माझ्या दांड्यावर ओला पंचा वाळत घालायची. मी ते पोटात घातलं, कारण दिवाळीला हीच बाई विभूतीने घासून घासून मला लख्ख करायची. वीरभद्र गावातल्या तालमीत पोरं शिकवू लागला. त्यातच एक पोरगी आली, दगडोबाची ऋतुजा. लातूर, नांदेडला गादीवरच्या स्पर्धांत तिने भल्याभल्या पोरी लोळवल्या. पण स्वतःच्या गावच्या आखाड्यात तिला पाय ठेवता येत नव्हता. लाल मातीला बाईचा पाय लागू नये, अशी गावाची जुनी समजूत. तीच माती बायका डोक्यावरून वाहून आणतात, तेव्हा मात्र ती कशी बाटत नाही, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

लोक बोलतात म्हणून दगडोबा बिचकला होता. तो वीरभद्रला म्हणाला, "पैलवान, जत्रंत गावासमोर खेळू दिलं, तर मी तिला फुडं पाठवतो. न्हाईतर बास. मला रोज पारावर टोमणे ऐकून घेनं व्हईना."

म्हणून वीरभद्र जत्रा कमिटीचा अध्यक्ष राजशेखर याच्याकडे गेला. राजशेखर गोड बोलणारा माणूस. गोड बोलणाऱ्यांचा मला तेव्हापासूनच संशय येतो.

"लावू की पोरीची कुस्ती," तो म्हणाला. "पर साहेबाचा दौरा हाय हा आठवडाभर. तुम्ही गदा घेऊन संगं फिरा. गावचं नाव व्हतंय."

साहेब म्हणजे कोण, ते विचारू नका. प्रत्येक तालुक्यात एक असतो.

झालं! सोमवारी आम्ही अहमदपूरला, एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला. साहेबांनी फीत कापली आणि न विचारता मला वीरभद्रच्या हातून काढून घेतलं. धरलं कुठे, तर डोक्याला! अहो, गदा दांड्याने धरतात, एवढं तर चित्रातल्या मारुतीकडे बघूनही कळतं. एका कार्यकर्त्याने मोबाइल वर केला, दुसऱ्याने "अजून एक, साहेब" म्हटलं आणि मी टेबलाच्या कडेवर आपटले. माझ्या वेलबुट्टीला पोचा आला. साहेब म्हणाले, "मजबूत आहे," आणि सगळे हसले. मी परत हातात आल्यावर वीरभद्र पोच्यावर अंगठा फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या एका शाळेत क्रीडा महोत्सव. पोरं सकाळपासून उन्हात रांगेने बसलेली, साहेब जेवण उरकून आले. सूत्रसंचालकाने पुकारलं, "माजी कबड्डीपटू वीरभद्रजी!" माझ्यासारखी गदा खांद्यावर असताना! वीरभद्रने पोरांना सांगायला चार वाक्यं मनाशी जुळवली होती. त्याच्या गळ्यात शाल आली, हातात नारळ आला आणि कानात राजशेखर आला, "पैलवान, टाइम न्हाई, बसा." तो बसला. मी त्याच्या मांडीवर होते, म्हणून ती चार वाक्यं त्याने हळूच मलाच म्हणून दाखवली.

पुढे लातूरला तर कहर झाला. ताकदीच्या पावडरीचं दुकान. हा माणूस आयुष्यभर ज्वारीची भाकरी, म्हशीचं दूध आणि परवडले तर बदाम खाऊन लढला. त्याच्या एका हातात मी आणि दुसऱ्या हातात पावडरीचा डबा! त्याने डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "मी ह्ये कधी खाल्लं न्हाई. खोटं कशाला दावू?" दुकानदाराचं तोंड आंबलं. राजशेखर बाहेर येऊन चिडला, "तुम्हाला पोरीची कुस्ती पाहिजे का न्हाई?" वीरभद्र पुन्हा आत गेला आणि त्याने डबा धरला. मित्रांनो, त्या क्षणी मी खरंच कोणाच्या तरी टाळक्यात पडले असते. पण गदेला स्वतःहून हलता येत नाही, हे माझं दुर्दैव.

त्याच दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्याचा जुना गुडघा मुडपला. घरी जगदेवीबाईंनी तेल जिरवलं आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"शालीनं कपाट भरलं, नारळानं फडताळ भरलं. रोज खोबऱ्याची चटनी करायले मी! बास करा की आता."

"ऋतुजासाठी करायलोय," तो म्हणाला. "अजून थोडंच ऱ्हायलंय."

बाईंनी पुन्हा तेल चोळायला घेतलं. पंचा मात्र त्यांनी त्या दिवशी माझ्यावर वाळत घातला नाही.

मग जत्रा आली. हलगी कडाडत होती, आखाड्याभोवती माणसं दाटली होती. निलंग्याहून वर्षाराणी नावाची पोरगी ऋतुजाशी खेळायला आली होती. दोघी कडेला अंग गरम करत बसल्या. दगडोबा गर्दीत मागे उभा होता. कोणी बघू नये म्हणून मागे, पण आपल्याला दिसावं म्हणून दगडावर चढून.

साहेब आले उन्हं कलल्यावर. आले ते सत्कार घेऊनच. साहेबांचा सत्कार, साहेबांच्या भावाचा सत्कार, मांडववाल्याचा सत्कार. सूर्य काही सत्काराला थांबत नाही. शेवटी राजशेखरने माइकवर सांगितलं, "आता एकदम शेवटची कुस्ती!"

वीरभद्र उठला. "आन् पोरीची?"

राजशेखरने माइकवर हात ठेवला. "पैलवान, उजेड ऱ्हायला न्हाई. फुडच्या साली बघू. आन् खरं सांगू का, कमिटीत कुनालाच पटंना." मग हसून म्हणाला, "गदा द्या इकडं, साहेबाचा फोटो ऱ्हायलाय."

म्हणजे त्याला ती पहिल्यापासून लावायचीच नव्हती! आठवडाभर एका म्हाताऱ्या पैलवानाला गावोगाव मिरवून आणलं, त्याचा गुडघा मोडला आणि पोरीला मात्र वाटाण्याच्या अक्षता. साहेबांचा हात लागताच माझी चांदी तापली असती, तर बरं झालं असतं.

वीरभद्रने मला शांतपणे साहेबांच्या हाती दिलं. फेटा काढून खुर्चीवर ठेवला. त्यावर शाल ठेवली, मग अंगातला सदरा. लंगडत स्टेजवरून उतरला, वाकून माती कपाळाला लावली आणि आखाड्याच्या मध्यभागी गेला. लोकांना वाटलं, भाषण करतोय. तो खाली बसला, मागे कलला आणि उताणा आडवा झाला. पाठ मातीला पूर्ण टेकली.

हलगी थांबली. ज्या आखाड्यात ती पाठ कोणाला लावता आली नव्हती, तिथे ती त्याने स्वतः लावली होती. म्हाताऱ्यांचे मिशीवरचे हात खाली आले.

"पंच!" तो आडव्यानेच ओरडला. "राजशेखरनं मला चितपट केलं. समद्या गावानं बघितलं. निकाल द्या आन् फुडची जोड बोलवा. जोड आल्याबिगर मी आखाडा सोडत न्हाई."

राजशेखर काठावर धावला. "उठा पैलवान, लोकं बघायलेत!"

"बघायलेत म्हनूनच पडलोय."

पंच होते वृद्ध सिद्धेश्वर अप्पा. त्यांनी एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा मातीतल्या पाठीकडे. मग उभे राहिले. "पाठ लागली," ते म्हणाले. "नियम त्यो नियम. फुडची जोड, ऋतुजा आन् वर्षाराणी! या गं पोरींनो."

दोघी आत आल्या. माती बाटली नाही, आभाळही कोसळलं नाही. आधी त्यांनी वीरभद्रला दोन्हीकडून धरून उभं केलं. कुस्ती लावताना जोडीचे हात मिळवायचा मान पाहुण्याचा असतो. पाहुणे स्टेजवर मला खांद्यावर घेऊन फोटोसाठी हसत होते आणि फोटोवाला त्यांच्याकडे पाठ करून आखाड्याकडे धावला होता. पोरींचे हात वीरभद्रने मिळवले.

ऋतुजा हरली. हो, हरली. मलाही वाईट वाटलं. वर्षाराणीने तिला घामाघूम होईपर्यंत झुंजवून उताणं पाडलं. ऋतुजा डोळे पुसत बाहेर आली, तोवर गर्दी सारत दगडोबा पुढे आला होता. तो सरळ राजशेखरसमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फुडच्या साली म्हनला न्हवं? फुडच्या साली पयली कुस्ती माझ्या पोरीची. ध्यानात ठिवा."

मला साहेबांच्या माणसाने खुर्चीखाली टाकलं होतं. घरी आणलं ते ऋतुजाने, आणि दांड्याने धरून. आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. पोचा तसाच आहे आणि राग थोडा उतरलाय, सगळा नाही.

मित्रांनो, माझं एक ऐका. जुन्या खेळाडूला तुम्ही शाल घालता, नारळ देता, त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढता. मला चांदीच्या पत्र्याचा अनुभव आहे, म्हणून सांगते, वरून चकचकीत करणं फार सोपं असतं. त्याला काय हवंय ते आधी विचारा. वीरभद्रला फक्त एका पोरीसाठी आखाड्यात जागा हवी होती, आणि तेवढ्यासाठी तुम्ही त्याला आडवं व्हायला लावलंत.

त्या संध्याकाळी जगदेवीबाई त्याच्या पाठीवरची माती पुसायला ओला पंचा घेऊन आल्या. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आजच्या दिस." बाईंनी पंचा माझ्या दांड्यावर टाकला आणि त्याच्या शेजारी बसल्या.