न खेळता दिलेले सात गुण

मी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट चालते असं कागदावर लिहून खाली सही करायची असेल, तर आधी स्वतः तिच्यात उभं राहून तळापासून गच्चीपर्यंत जाऊन यायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकलो. न चढता मी एकदाही सही केली नाही. आणि निवृत्त झाल्यावर, त्रेसष्टाव्या वर्षी, एका खेळाच्या कागदावर तशी सही करून बसलो.

खेळ म्हणजे पत्ते किंवा सोंगट्या नव्हेत. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाने कुणीतरी वेगळं माणूस व्हायचं, कुणी चोर, कुणी राणी, कुणी पहारेकरी, आणि त्या माणसासारखं बोलत गोष्ट पुढे न्यायची. अडलं की फासे टाकायचे. माझ्या बायकोला याचं वेड होतं. दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तिची मंडळी जमायची. मी बाजूला पेपर वाचत बसायचो. माणूस कमी पडलं की ही मला ओढून बसवायची. "तुम्ही पहारेकरी व्हा. पहारेकऱ्याला फार बोलावं लागत नाही," म्हणायची.

ती जाऊन अकरा महिने झाले.

तिच्या मंडळीतल्या ग्रंथपाल बाई दरवर्षी अशा नव्या खेळांना बक्षीस देतात. सगळं हौसेचं काम. चार परीक्षक, अकरा खेळ, तीन महिने. यंदा एक परीक्षक कमी पडला म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

"बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच आले. गोष्ट चांगली असली की आम्ही पाघळतो. यंत्र चालतं की नाही ते बघणारा माणूस हवाय."

त्या मला घराबाहेर काढायला आल्या होत्या. ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. मी हो म्हणालो.

कडक नियम एकच. न खेळता गुण द्यायचे नाहीत. प्रत्येक गुणपत्रिकेच्या खाली छापलेलं असतं, 'मी हा खेळ खेळलो आहे', आणि त्याखाली सही.

दहा खेळ मी रीतसर खेळलो. लेक आणि जावई शनिवारी यायचे, वरच्या मजल्यावरचे नवराबायको यायचे. आमचा जावई एरवी तोंडातून शब्द काढत नाही. त्याला राणी केलं तर त्याने दुसऱ्याच फेरीत मला फाशी दिली. लेक म्हणाली, "बाबा, याच्या मनात हे लग्नापासून असणार."

अकराव्या खेळाचं नाव होतं 'आवराआवर'. डब्याच्या मागे लिहिलं होतं की घरातलं एक माणूस गेलं आहे, नातेवाईक ते घर आवरायला जमले आहेत, आता कोण काय नेणार?

मी डबा बाजूला सारला. आमच्या घरात हिचं कपाट अजून जसंच्या तसं होतं. खेळात का होईना, मला ते उघडायचं नव्हतं. लेकीने दोनदा विचारलं, "बाबा, तो एक राहिलाय ना?" मी तिला सांगितलं, वरच्यांबरोबर झाला. वरच्यांना सांगितलं, लेकीबरोबर झाला. मग एकटा बसून डब्याबरोबर वेगळी आलेली नियमांची वही तेवढी वाचली. चांगली लिहिली होती. सात गुण दिले. सात म्हणजे कुणाच्या डोळ्यात न खुपणारा आकडा. आणि सही केली.

त्यानंतर तो आकडा मनातून जाईना. खेळ कुणी केला ते परीक्षकांना सांगत नाहीत, पण कुणीतरी वर्ष-दोन वर्षं त्यावर खपलं असणार. पहिला आलेला खेळ छापायला कुणीतरी पुढे येतं. बाकीचे लोक घरी पुठ्ठे कापून चिकटवत बसतात. त्या माणसाचं काय व्हायचं ते मी डबा न उघडता ठरवलं होतं.

रविवारी सकाळी दहाला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत शेवटची बैठक होती. खोलीत डिंकाचा वास, कोपऱ्यात बांधणीला आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे, मधे एक लांब टेबल. बाई आणि मी धरून आम्ही चौघं. तिसरी दातांची डॉक्टर, पस्तिशीची, मला काका म्हणणारी. चौथा बेकरीवाला, माझ्याच वयाचा.

"बसा मिस्त्री," बेकरीवाला म्हणाला. "बिस्किटं घ्या. कालची आहेत, जरा कडक झालीत. पण दाताला काही झालं तर डॉक्टर आहेतच."

"रविवारी मी दुप्पट दुखवते," डॉक्टर म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काका, बरे आहात ना?" माझ्याशी बोलताना सगळेच असा आवाज काढायचे. आजाऱ्याच्या खोलीत काढतात तसा.

बाईंनी सगळ्यांचे गुण वाचले, बेरजा मांडल्या, पुन्हा तपासल्या. 'पुलावरची चौकी' नावाच्या खेळाला बत्तीस. 'आवराआवर'ला बत्तीस.



"बरोबरी," बाई म्हणाल्या. "म्हणजे आता गुण बाजूला ठेवायचे. प्रत्येकाने आपापल्या टेबलावर काय घडलं ते सांगायचं. आधी 'आवराआवर'. आठ, नऊ, आठ आणि सात. ज्याने सगळ्यात कमी दिलेत त्याने सुरुवात करायची. मिस्त्री, बोला."

खोटं माझ्याकडे तयार होतं. चार वाक्यांचं काम. "माझ्या टेबलावर," मी म्हटलं, "लेक होती. जावई होता." आणि थांबलो. जावयाला डोळ्यांसमोर बसवला, त्याच्या हातात खेळातलं एक पान दिलं, पण तो पुढे काय म्हणाला ते मला सुचेना. धड खोटं बोलायचं तरी खेळ खेळलेला असावा लागतो.

"मी हा खेळलो नाही," मी म्हटलं.

बेकरीवाल्याचं बिस्कीट चहात पडलं. डॉक्टर टेबलाकडे बघत राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"सही आहे तुमची."

"आहे. खोटी आहे."

"आणि बाकीचे दहा?"

"ते खेळलो. कुणालाही विचारा. हा माझ्याच्याने उघडवला नाही."

"उघडवला नाही तर तसं लिहायचं! मी दुसरा कुणी बघितला असता! कुणी फाडून खाल्लं असतं का तुम्हाला?" बाईंचा आवाज दारापर्यंत गेला असणार. "कुणाच्या तरी दोन वर्षांच्या कामावर तुम्ही डोळे मिटून आकडा मारलात, मिस्त्री."

गेल्या अकरा महिन्यांत माझ्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. लाज वाटली. आणि सांगायला हरकत नाही, थोडं बरंही वाटलं.

"नियमाप्रमाणे मी तुम्हाला उठवायला हवं," बाई म्हणाल्या.

"उठतो." मी खरंच उठलो, पिशवी घेतली.

"अहो काका, थांबा," डॉक्टर म्हणाली. "बाई, ते आत्ता खेळले तर?"

"निकाल संध्याकाळी लावायचाय," बेकरीवाला म्हणाला. "आत्ता साडेदहा. खेळ दोन तासांचा. मी तर दुकानाला कुलूप लावून आलोय."

बाईंनी थोडा विचार केला. मग माझी गुणपत्रिका घेतली आणि माझ्यादेखत फाडली. "नवी भरायची, आजची तारीख टाकून. आणि नाहीच जमलं तर मधेच उठा, पण मग तुमचे गुण नाहीत. हा खेळही बाद, कारण चौघांचे गुण लागतात. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं आणि बसलो. 

पहिला नियम असा की गेलेलं माणूस कोण, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बाईंनी तो वाचला. तिघंही माझ्याकडे न बघण्याची अशी काही धडपड करत होते की मलाच त्यांची कीव आली.

"मामा," मी म्हटलं. "एकटे राहणारे. चिकट. सुतळीचा तुकडासुद्धा न टाकणारे."

"असा एक मामा प्रत्येकाला असतो," बेकरीवाला म्हणाला, आणि गाडी सुरू झाली.

बेकरीवाल्याच्या वाट्याला मामांचा धाकटा भाऊ आला. डॉक्टर भाची, बाई शेजारीण, मी भाचीचा नवरा. पत्त्यांसारख्या गठ्ठ्यातलं एकेक वस्तूचं पान उलटायचं, त्या वस्तूवरून मामांची एक आठवण सांगायची, आणि ती कोण नेणार यावर भांडायचं. पहिलंच पान निघालं, शिट्टी नसलेला कुकर.

"कुकर माझा," बेकरीवाला म्हणाला. "दादाने मला तोंडी दिला होता."

"कधी दिला, धाकटे मामा?" डॉक्टर कडाडली. "सहा वर्षं तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत!"

"फोनवर दिला."

"त्यांच्याकडे फोन कुठे होता?" शेजारीण झालेल्या बाई म्हणाल्या. "फोन करायला माझ्याकडे यायचे."

"बरं, पण शिट्टी कुठे गेली?" मी जावयाच्या नात्याने विचारलं.

बाई जराही न हसता म्हणाल्या, "माझ्याकडे आहे. दर वेळी काहीतरी विसरून जायचे. शिट्टीने सुरुवात केली होती. मी म्हटलं थांबावं, कधीतरी कुकरही विसरतील."

मला असं हसू आलं की ठसका लागला. बेकरीवाल्याने पाठीवर थाप मारली, पिठाच्या पोत्याला मारतात तशी. आणि खेळ मला गिळून टाकेल असं जे वाटत होतं, तसं काही झालं नाही. मी मामांच्या चपलेसाठी भांडलो. एकाच पायाची चप्पल, तीही जिंकली. मग चष्म्याचं पान आलं.  पाळी माझी होती.

"चष्मा कायम डोक्यावर," मी म्हटलं, "आणि शोधायचे घरभर. वर मलाच म्हणायचे, तुम्ही कुठेतरी ठेवलात."

ती आठवण मामांची नव्हती. बाईंना कळलं असणार. त्या फक्त म्हणाल्या, "घ्या, चष्मा जावयाचा," आणि पुढचं पान उलटलं.

अर्ध्या खेळानंतर मात्र गडबड सुरू झाली. नियम असा की ज्याच्याकडे सगळ्यात जास्त वस्तू, त्याने शेवटी घराला कुलूप लावायचं आणि मामांना निरोपाचे दोन शब्द बोलायचे. वाचताना फार छान वाटतं. खेळताना ते दोन शब्द कुणालाच नको असतात, म्हणून जो तो आपली पानं मोजायला लागतो. शेवटची आठ पानं कुणी घेईना. छत्री फिरली, घड्याळ फिरलं, स्टूल फिरलं.

"तुम्ही घ्या जावईबापू."

"छे छे, आधी धाकटे मामा. त्यांचा मान."

"मला कुकर मिळाला, मी भरून पावलो."

एक फेरी, दुसरी, तिसरी. वस्तू कुणीच घेतली नाही तर काय करायचं, हे वहीत कुठेच नव्हतं. मी दोनदा बघितलं.

"हे अडकलंय," मी म्हटलं.

 बेकरीवाला छताकडे बघायला लागला.

"तुमच्या टेबलांवर नव्हतं अडकलं?"

"थोडंसं," डॉक्टर म्हणाली.

"थोडंसं म्हणजे किती?"

"पंचवीस मिनिटं आम्ही हेच स्टूल फिरवत होतो."

"माझा भाऊ चिडून घरी गेला," बेकरीवाला म्हणाला. "खराखुरा भाऊ."

"मी शेवट गुंडाळला," बाई म्हणाल्या. "म्हटलं, संपलं असं समजा."

"मग आठ, नऊ, आठ कसे दिलेत?"

बेकरीवाल्याने हातातलं स्टुलाचं पान खाली ठेवलं. "मिस्त्री, तुमच्यासमोर बसून या खेळाला नावं कशी ठेवायची? मी सहा लिहिले होते. खोडून आठ केले. म्हटलं, ज्याच्यावर हे बेतलंय त्याला हा जिव्हाळ्याचा वाटला असेल."

"मला वाटलं तुम्ही दहा देणार," डॉक्टर म्हणाली. "म्हणून मी नऊ. तुम्ही एकटे पडू नये म्हणून."

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी हात वर केले. "मीही त्यातलीच. म्हणजे एकूण खोटे कागद चार झाले. एकट्या तुमच्यावर ओरडले, ते परत घेते."

"परत घेऊ नका," मी म्हटलं. "बरं वाटलं."

आधी डॉक्टर हसली, मग सगळेच. माझ्या जिवात जीव आला. मी काचेचा नाही हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि अकरा महिने तेही मला दोन्ही हातांनी धरून चालत होते. दमले असतील बिचारे.

चारही पत्रिका नव्याने भरल्या. मी सहा दिले. डॉक्टर आठवर अडून बसली. "अर्ध्यापर्यंत मला खरंच फार आवडला, ते काही खोटं नव्हतं," म्हणाली. पुलाचा खेळ पहिला आला, 'आवराआवर' दुसरा. बाई म्हणाल्या, "करणाऱ्याला शेरा तुम्ही लिहा. तुमचा गुन्हा मोठा."

मी लिहिलं, 'अर्धा खेळ उत्तम चालतो. पुढे पानं नुसती फिरतात. कुणालाच नको असलेली वस्तू टाकून द्यायची मुभा ठेवा. टाकणाऱ्याने ती का टाकतो ते सांगावं. मग संपेल. दुरुस्त करून पुढच्या वर्षी पाठवा, मी खेळेन.' खाली सही केली. ही करताना हात हलका होता.

दोन वाजता बाहेर पडलो. बसथांब्यावर डॉक्टर माझ्याबरोबर होती. रस्ता मोकळा, समोरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"आज मला रागवायची सोय नाही."

"काकू खेळायला कशा होत्या? बाई म्हणतात त्यांच्यासारखं कुणी नव्हतं. पण तुमच्यासमोर कुणी विषयच काढत नाही." आवाज नेहमीचा होता. बिस्किटाची चौकशी करावी तसा.

"लबाड होती," मी म्हटलं.

"काय?"

"फासा टेबलाखाली पडला की ही वाकायची. वर यायची ती 'सहा पडले' म्हणतच."

"बाईंना माहीत आहे?"

"बाईंच्याच पायाशी पडायचा."

डॉक्टर इतक्या मोठ्याने हसली की थांब्यावरच्या दुसऱ्या बाई सरकून बसल्या. बस आली. तिने चालकाला हातानेच नाही म्हणून सांगितलं. "पुढच्या बसने जाऊ," म्हणाली. "कधीच पकडल्या गेल्या नाहीत?"

"एकदाच," मी म्हटलं. पिशवी बाकावर ठेवली आणि ते कसं झालं ते पहिल्यापासून सांगायला लागलो.