मेंढरं असलेलं एकच घर

निमोण्याची एसटी शिरूर डेपोतून सुटली तसा मी अहवालाचा कागद पुन्हा वाचायला घेतला. डावीकडे आकडे, उजवीकडे बायकांचे शब्द. "आकडा आणि आवाज शेजारी-शेजारी मांड, अंकिता," असं आमच्या सरांनी बजावलं होतं. निमोणे गावातल्या एकशे चाळीस घरांची पाहणी, बारा मुलाखती. स्वतःवर भलतीच खूश होते मी. मोठी शहाणी!

मग नजर तिसऱ्या ओळीवर गेली. डावीकडे : अजून मेंढरं राखणारी घरं – १. उजवीकडे त्याच घरातल्या बाईचं बोलणं : "लेकीनं जातीबाहेर लगीन केलं. सहा वर्सं झाली, मालक तिचं नाव काढू देत न्हाईत. डोळं दावायला जाते म्हणते आन् गुरवारी केडगावला तिला भेटून येते."

नाव मी काढून टाकलं होतं. पण निमोण्यात मेंढरं कुणाची, हे शेंबडं पोरही सांगेल. हरिबांची. म्हणजे बोलणारी त्यांची बायको, बयाबाई. आकडा आणि बोलणं वेगवेगळं राहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. जोडलं मीच.

आधी गावाला सभेत दाखवू, मगच छापू, असा शब्द दिला होता. म्हणून कालच पन्नास प्रती उपसरपंच संपतरावांकडे पाठवल्या होत्या. घाईघाईनं त्यांना फोन लावला.

"वाटल्या की मॅडम सकाळीच! या तुम्ही, मानसं जमल्याती."

एसटी प्रत्येक फाट्याला थांबत होती. बयाबाईचा गुरुवार माझ्यामुळे जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. उतरले ती सभेकडे न जाता थेट हरिबांच्या घरी पळाले.

हरिबा ओट्यावर बसले होते, कागद मांडीवर. सुनेनं वाचून दाखवला होता. बयाबाई दाराआड उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"आबा, चूक माझी आहे. त्यांना काही बोलू नका. मी असं लिहायलाच नको होतं..." मी बोलतच सुटले.

"बस, पोरी." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "समदं लिवलंस. पोरगी सुखात हाय का, त्ये कुठं लिवलंय?"

मी कागद उलटापालटा केला. एकशे चाळीस घरं, बारा मुलाखती, आणि हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"नाही विचारलं, आबा."

हरिबांनी कागदाची घडी घातली. मग दाराकडे न बघताच म्हणाले, "सुखात हाय का गं ती?"