जखम समजून

मी एक जुनी भक्षकपेशी आहे. मित्रांनो, माझा जन्म शिवणकाम करणाऱ्या एका ताईच्या हाडातल्या मज्जेत झाला. शरीरात शिरलेले जंतू गिळायचे, मेलेल्या पेशी उचलायच्या, जखमा भरून काढायच्या, हे आमचं काम. रक्तातून वाहत मी तिच्या अंडाशयापाशी पोहोचले आणि तिथेच राहिले.

तिथे भलतंच काही वाढत होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा एक तुकडा अंडाशयात रुजला होता. दर महिन्याला त्यातून रक्त झिरपे आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच साचून काळपट, दाट होई. मी त्याला चाचपून पाहिलं. तो परका नव्हता, ताईचाच होता. एरवी कोणाची गय न करणाऱ्या मारक पेशीही त्याच्यापुढे मवाळ झाल्या होत्या. रक्त दिसलं म्हणून मी त्याला जखम समजले आणि मनापासून शुश्रूषा केली. माझ्या रसांनी तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, वेदनेच्या नसाही फुटल्या. मी जितकी राबले, तितकी ती गाठ बाळसं धरत गेली.

पाळीच्या दिवसांत ताई कधी सुट्टी मागे, तेव्हा कारखान्यातल्या बायका म्हणत, "हिची सुट्टी कॅलेंडरात लालच छापायला हवी." ताईही हसे आणि पोट दाबून मशीन चालवत राही. एकदा ती मशीनवरच कोसळली, तेव्हा आई तिला दवाखान्यात घेऊन गेली.

सोनोग्राफीत गाठ दिसली.

"पण हे दुखणं बायकांच्या पाचवीलाच पुजलेलं ना?" आईने विचारलं.

"इतकं नाही, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उभं राहता येऊ नये इतकं तर नाहीच."

मग ताईने खाली बघत विचारलं, "मला मूल होईल ना?"

डॉक्टरीणबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. अंडाशयाचा चांगला भाग वाचवायची शिकस्त करू, पण किती उरला आहे ते आत गेल्यावरच कळेल, असं त्या म्हणाल्या.

उद्या ऑपरेशन आहे. गाठीबरोबर मीही निघेन, त्याचं काही नाही. पण ज्या अंडाशयाची राखण करायची होती, त्यातलं काय शिल्लक राहिलं हे मला कधीच कळणार नाही, ही रुखरुख आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातली ताई दर महिन्याला पोट धरून बसत असेल, तर तिला नुसता धीर देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आम्ही पेशी मुक्या असतो. ती मुकी नाही. ती कधीची सांगते आहे.