माझ्या अंगावर लटकलेलं कार्ड

मी एक जुनी सुई आहे. शिवणाची नव्हे. दोरा ओढत धावणाऱ्या त्या बारक्या बायांत मला बसवू नका. मी स्वेटर विणायची सुई. हातभर लांब, अंगाने पोलादी, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला बोंडासारखी गोळी. आता जरा वाकले आहे, गंजाचे ठिपकेही पडले आहेत. पण मित्रांनो, एके काळी माझ्या अंगावर काटोलच्या साऱ्या संत्र्याच्या बागा तोलल्या जायच्या.

मी तार होते तेव्हा मला तापवलं, ओढलं, कापलं आणि घासघासून चकचकीत केलं. कुणी विचारलं नाही, बाई गं, दुखतं का म्हणून. मग कागदात गुंडाळून नागपूरला पाठवलं. सीताबर्डीच्या एका दुकानातून मला प्रेमिला रामटेके नावाच्या मुलीने उचललं. तिला भावासाठी स्वेटर विणायचा होता. दोन बाह्या झाल्या, गळा राहिला, आणि माझं नशीब फिरलं.

प्रेमिला एका सरकारी फळसंशोधन कचेरीत कार्डं सांभाळायची. तिथली कार्डं उचलायची सळई हरवली. नवी मागवायची तर वरून मंजुरी येईस्तोवर माणूस म्हातारा व्हायचा. म्हणून एका सकाळी तिने मला पर्समध्ये घातलं आणि कचेरीत नेलं. त्या दिवसापासून मी सरकारी झाले. पगार मात्र नाही.

आता माझं काम ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक बागेचं एक जाड कार्ड असायचं. कार्डाच्या चारही कडांना भोकं. प्रत्येक भोकाला एक अर्थ. एक भोक पानगळीचं, एक विहिरीला पाणी असल्याचं, एक खडकाळ जमिनीचं. ती गोष्ट त्या बागेला लागू असेल, तर प्रेमिला चिमट्याने त्या भोकाची कड कापून टाकायची. भोकाची खाच व्हायची. मग साऱ्या कार्डांची गड्डी धरून त्या भोकातून मला आरपार घालायचं, उचलायचं आणि हलवायचं. खाच असलेली कार्डं टपटप खाली पडायची. बाकीची माझ्या अंगावर लटकून राहायची. पडली ती 'होय' म्हणणारी, लटकली ती 'नाही' म्हणणारी. ज्या शोधाला माणसांना आठवडा लागायचा, तो मी चहा निवायच्या आत करायची.

आमचे मोठे साहेब डॉक्टर मधुसूदन पाहुण्यांना मुद्दाम आमच्या खोलीत आणायचे. म्हणायचे, "ही सुई म्हणजे आमच्या कचेरीची अक्कल आहे." मला त्यात काही नवल वाटलं नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचं कसलं नवल?

मग तो उन्हाळा आला. काटोलकडच्या बागांत शेंडेमर शिरली. झाडाचा शेंडा वाळायचा, पानं गळायची, आणि वाळण वरून खाली उतरत बुंध्यापर्यंत यायची. एका बागेतून दुसरीत जायची. वरून हुकूम सुटला की रोगट बागा तोडून जाळा, नाहीतर सारा पट्टा जाईल.

पण रोगट कोणती हे ओळखायचं कसं? मित्रांनो, संत्र्याला वर्षात दोन वेळा बहार येऊ शकतो. थंडी सरता सरता येतो तो आंबिया, पावसाच्या तोंडावर येतो तो मृग. बागवाला त्यातला एकच धरतो. मृग धरायचा तर भर उन्हाळ्यात मुद्दाम झाडाचं पाणी तोडायचं. झाड तहानतं, पानं टाकतं, मेल्यासारखं दिसतं. मग पाणी मिळालं की फुलांनी लदबदतं. याला ताण देणं म्हणतात. म्हणजे उन्हाळ्यात पानं गळालेली बाग रोगाची असेल किंवा ताणाची असेल. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच.

साहेब शहाणे. त्यांनी मला तीनदा घालायचं ठरवलं. पानगळीच्या भोकातून पडलेली कार्डं घेतली. त्यांतून विहिरीला पाणी असलेली पाडली, कारण पाणी असून पानं गळतात म्हणजे दाल में काला. शेवटी मृग बहाराच्या भोकातून मला घातलं. जी पडली ती ताणाची, ती सुटली. जी माझ्या अंगावर लटकली, त्या बागांवर कुऱ्हाड. आजवर माझ्या अंगावर राहण्यात कुणाचं काही जात नव्हतं. त्या दिवशी जात होतं.

नोटिसा गेल्या. तोडणाऱ्या माणसांचा ट्रक ज्या सकाळी निघाला, त्याच सकाळी काटोलच्या बसने एक बाई कचेरीत आली. उंच, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू, हातात पिशवी. मागे खाली मान घालून तिचा नवरा. पंचफुलाबाई आणि रुपराव.

पंचफुलाबाईने नोटीस साहेबांच्या टेबलावर ठेवली. "काहून गा साहेब, जित्या झाडायले जाळता?"

साहेब म्हणाले, "बाई, बसा. आम्ही विचार करूनच ठरवलं आहे."

"बसाले नाही आली मी. तिकडं तुमची गाडी निघाली, मी इथं बसून काय करू?"

साहेबांनी प्रेमिलाला खूण केली. प्रेमिलाने गड्डी काढली. मला पानगळीतून घातलं, त्यांचं कार्ड पडलं. विहिरीच्या पाण्यातून घातलं, पुन्हा पडलं. मग मृगाच्या भोकातून घातलं आणि हलवलं. भोवतालची कार्डं गळाली. पंचफुलाबाईचं कार्ड माझ्या अंगावर लटकून राहिलं. प्रेमिलाने पुन्हा हलवलं, जोरात. मीही अंग सैल सोडलं. पण खाच नसेल तर मी तरी काय करणार?

"हे पाहा," साहेब म्हणाले. "विहिरीला पाणी आहे, तरी पानं गळाली. आणि बहार आंबिया. म्हणजे ताण नाही. मग रोगच."

पंचफुलाबाई कार्डाजवळ वाकली. तिला अक्षरं येत नव्हती. "काय म्हनलं? आंबिया? अन् आंबिया कोनं सांगतला तुमाले?"

प्रेमिलाने कार्डावरचं वाचलं. "माहिती देणार, रुपराव."

साऱ्यांच्या माना वळल्या. रुपराव टोपी हातात घेऊन उभे होते. "कार्ड भराले आलेल्या मानसानं इचारलं, बहार कोनता? आता आपन मागं संत्रा इकला तो आंबियाचाच होता ना. मी म्हनलं आंबिया."

"तुमाले इकलेला इचारला का धरलेला?" पंचफुलाबाईने विचारलं.

"त्यानं नुसतं बहार कोनता म्हनलं."

"अन् तुमी नुसतं तोंड उघडलं." ती साहेबांकडे वळली. "औंदा मृग धरला हो आमी. आंबियाच्या फुलावर गारा पडल्या, म्हनून म्या ठरवलं, मृग घेऊ. म्या सोता पानी तोडलं. इहीर भरून हाय, मोट बांधून ठेवली हाय."

मित्रांनो, पाहा कसं झालं. विचारणाऱ्याने खोटं विचारलं नाही. सांगणाऱ्याने खोटं सांगितलं नाही. प्रेमिलाने खाच चुकीची कापली नाही, साहेबांचा हिशेब चुकला नाही, आणि मी तर चुकत नसतेच. तरी एक जिती बाग माझ्या अंगावर मेलेली म्हणून लटकत होती.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "बाई, आज नोटीस हातात आल्यावर प्रत्येक जण मृगच म्हणेल. मी एक रोगट बाग सोडली तर तुमच्या शेजारच्याची जाईल, त्याच्या शेजारच्याची जाईल. कुणाचं ऐकू?"

हे ऐकून मला पंचफुलाबाईचा नाही, साहेबांचाच कळवळा आला. त्यांचं म्हणणं खोटं असतं तर सोपं होतं.

पंचफुलाबाईने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी काढली. पान एकही नाही. मग प्रेमिलाच्या हातातून मला ओढलं. विचारलंसुद्धा नाही. माझ्या टोकाने तिने फांदीची साल खरवडली. आतून हिरवं निघालं, ओलं, गार.

"शेंडेमर असती तर आतून तपकिरी निंघालं असतं. हे मी तुमाले काय सांगू, तुमीच त्यातले डाक्टर."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण ही फांदी कोणत्या बागेची, हे मला कसं कळणार?"

"बागेत जाऊन कळन. चाला."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. मग उठले आणि जीप काढायला सांगितली. निघायच्या घाईत प्रेमिलाने मला आपल्या अंबाड्यात खोचलं. अशी मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची काटोलला गेले, केसांत, एखाद्या मोठ्या घरच्या बाईसारखी. पण त्या दिवशी मिरवायला जीव नव्हता.

रस्ता तापला होता. जीपमध्ये फक्त पंचफुलाबाई बोलत होती, तीही नवऱ्याशी.

"तुमाले उद्या कोनी नाव इचारलं, तर मागच्या साली काय होतं ते सांगान."

रुपराव म्हणाले, "आता गप वं."

"गप होतो न. झाडं उभे दिसले का गप होतो."

प्रेमिलाने तिच्या हातावर हात ठेवला. "पोहोचून राहिलो मावशी. होईल बरोबर."

बागेच्या अलीकडेच आवाज आला. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. पंचफुलाबाई जीप थांबायच्या आधीच उतरली.

धुऱ्याकडची, शेताच्या बांधालगतची, रांग आडवी झाली होती. पुढच्या झाडाच्या बुंध्यात कुऱ्हाड अर्धी रुतली होती. साहेब धावत गेले. "थांबा. हात लावू नका कशाला." मग त्यांनी प्रेमिलाच्या अंबाड्यातून मला काढलं, उभ्या झाडाची साल खरवडली. हिरवी. दुसऱ्याची. हिरवी. तिसऱ्याची. हिरवी. 

मग ते आडव्या झाडाजवळ बसले. सगळ्यांना माहीत होतं आत काय निघणार. तरी त्यांनी खरवडलं. माझ्या टोकाला ओला हिरवा रस लागला.

"बाई, उरलेल्यांना आता कुणी हात लावणार नाही," ते म्हणाले. "चूक झाली."

पंचफुलाबाई पडलेल्या फांद्यांत उभी होती. इतका वेळ जिची जीभ कुणाला आवरली नाही, ती हळूच बोलली. "बाकीच्यायले पावसात पानी भेटन, ते फुलन. पन साहेब, ह्या आडव्यायले म्या तहानेलं ठेवलं होतं. मरताना पानी नाही पाजलं त्यायले."

रुपराव विहिरीकडे गेले. बादली भरून आणली आणि तुटलेल्या खोडांच्या मुळांशी एकेक करून ओतू लागले. त्याने काही होणार नव्हतं, ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना कुणी थांबवलं नाही.

त्यानंतर कार्डावर भोक तेच राहिलं, प्रश्न बदलला. 'बहार कोणता' ऐवजी 'औंदा कोणता बहार धरला' असं विचारलं जाऊ लागलं. आणि कुऱ्हाडीआधी साहेब स्वतः जाऊन साल खरवडायचे. इतर बागा पाहिल्या तेव्हा बहुतेक खरोखरच रोगट निघाल्या, त्या गेल्या आणि पट्टा वाचला. म्हणजे माझं काम खोटं नव्हतं, हेही सांगून ठेवते.

मग कचेरीत संगणक नावाचं मोठं यंत्र आलं. थंड हवेच्या खोलीत त्याला बसवलं. आम्हाला उकाड्यात ठेवलं होतं, असो. कार्डं रद्दीत गेली. मला कुणी फाइलला भोक पाडायला वापरलं, कुणी चहाच्या गाळणीतली पत्ती टोकरायला. शेवटी एका खणात टाकलं, ते आजवर तिथेच.

त्या यंत्राकडे तुमच्यासारखी मुलं कधीकधी येतात. बटण दाबतात, नावं झरझर गळतात, आणि ती टाळ्या पिटतात. मित्रांनो, टाळ्या पिटा, मला हेवा नाही. पण यंत्र असो की सुई, तुम्ही विचाराल तेवढंच ते सांगतं. म्हणून प्रश्न नीट धुऊन पुसून विचारा. ज्याला विचारता, त्याने तो कसा ऐकला ते पुन्हा विचारा. आणि उत्तराने कुणाचं काही तोडलं जाणार असेल, तर आधी उठा, तिथवर जा, आणि नखाने थोडी साल खरवडून पाहा.